दोन तास उघडणाऱ्या दुकानाचं गणित

कोल्हापुरात महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात एक दुकान आहे. नाव सांगत नाही, कारण दुकानदार माझे अशील आहेत. सकाळी अकराच्या सुमारास सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ येतात, शटर अर्धं वर ढकलतात, उदबत्ती लावतात, पेपर वाचतात आणि एकच्या आत शटर खाली. कपाटातला माल माझ्या लग्नाच्या आधीचा असावा. शेजारी गेल्या दहा वर्षांत चार दुकानं बदलली. मोबाईलचं आलं आणि गेलं, केकचं आलं आणि गेलं, मग एका ब्रँडेड चपलांचं, आता कसलंसं कॉफीचं. हे मात्र आहे तिथंच आहे.

मी धंद्यानं कर सल्लागार. बावीस वर्षं दुकानदारांच्या वह्या बघतोय. 'यांचं चालतं तरी कसं?' हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. आणि त्याचा जुळा प्रश्न: 'एवढा भारी शोरूम होता, गर्दीही असायची, मग बंद का पडला?' दोन्हींचं उत्तर गिऱ्हाइकांत शोधून सापडत नाही. जागेच्या कागदात सापडतं. पेठेतलं एखादं दुकान का उघडतं, का मिटतं, जुना वाडा पाडून तिथं संकुल का उभं राहतं किंवा का राहत नाही, हे समजून घ्यायचं तर आधी विचारावं की जागा कोणाची, भाडं किती आणि करार कसला. माल काय विकतात हे नंतर.

सुरुवात भाड्यापासून करू. मुंबई राज्यात १९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा आला. महायुद्धाच्या काळात आणि फाळणीनंतर शहरांत जागेची टंचाई होती, भाडी भडकत होती. म्हणून सरकारनं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं आणि पुढं हा कायदा इथल्या पेठांनाही लागला. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढी घेत घेत अर्धशतक टिकला. सोनं, साखर, सिमेंट, मजुरी सगळं वाढलं, दुकानाचं भाडं तेवढं जागच्या जागी राहिलं. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्या आहेत. मग राज्यानं नवा कायदा केला: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, अंमल ३१ मार्च २००० पासून.

या नव्या कायद्यानं तीन गोष्टी केल्या, आणि आज बाजारात जे दिसतं त्यातलं निम्मं या तिघींचंच आहे.

पहिली, जुन्या भाडेकरूंचं संरक्षण चालू ठेवलं आणि मालकाला भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करायची मुभा दिली. चार टक्के म्हणजे किती? भाडं २०० रुपये असेल तर पहिल्या वर्षी आठ रुपये. असं पंचवीस वर्षं चाललं तरी ते साडेपाचशेच्या आत राहतं. दुसरी, पागडी, म्हणजे जागा घेताना भाड्याशिवाय द्यायची एकरकमी रक्कम, कायदेशीर केली. तोवर पागडी घेणं हा गुन्हा होता, आणि सगळेच तो करत होते. तिसरी गोष्ट लोकांच्या फारशी लक्षात आली नाही, पण रस्त्याचा चेहरा तिनंच बदलला. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना कायद्यानं संरक्षणाबाहेर काढलं. त्यांना बाजारभावानं भाडं.

म्हणून एकाच रस्त्यावर, एकाच भिंतीला लागून, दोन वेगळे काळ राहतात. डावीकडच्या गाळ्याचं भाडं पाचशे, उजवीकडच्याचं पन्नास हजार. दुकानं शेजारी असली तरी त्यांना एकच स्पर्धा नाही.

आता एक हिशोब मांडतो. आकडे मी धरलेले आहेत, पण असे हिशोब मी खूप पाहिलेत. समजा, तीनशे चौरस फुटांचं किराणा दुकान आहे. महिन्याची विक्री सहा लाख. किराण्यात ढोबळ नफा दहा टक्के धरा, म्हणजे साठ हजार. कामाला ठेवलेली दोन पोरं, वीज, नासधूस, पिशव्या, उधारी बुडाली ती, सगळं मिळून अठ्ठावीस हजार. उरले बत्तीस. भाडं चारशे रुपये. दुकानदार म्हणतो, बरं चाललंय. आता त्याच गाळ्याला बाजारात चाळीस हजार भाडं मिळतं असं धरा. ते भरायचं झालं तर दुकान महिन्याला आठ हजारांनी तोट्यात. म्हणजे या माणसाची खरी मिळकत किराण्यातून येतच नाही. चाळीस हजारांची जागा त्याला चारशेत मिळते, ही त्याची मिळकत. त्यातले आठ हजार किराणा उलट खाऊन टाकतो. हे दुकानदाराला तोंडावर सांगू नये. मी एकदा सांगितलं होतं, पुढची दोन वर्षं ते दुसऱ्याकडं रिटर्न भरायला जात होते.

मग तो गाळा दुसऱ्याला देऊन घरी का बसत नाही? कारण पोटभाडेकरू ठेवला तर मालकाला जागा खाली करून मागता येते. बरं, शटर लावून तसंच ठेवलं तर? तेही चालत नाही. ज्या कामासाठी जागा दिली त्यासाठी सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तर तेही खाली करण्याचं कारण ठरतं. तेव्हा उपाय एकच उरतो: रोज येऊन दोन तास उघडायचं, उदबत्ती लावायची, विजेचं बिल चालू ठेवायचं, शॉप ॲक्टचा कागद जागेवर ठेवायचा, जमलं तर चार पावत्या फाडायच्या. पेठेतली बरीचशी 'मरगळलेली' दुकानं प्रत्यक्षात पहाऱ्यावर बसलेली असतात.

यावर मालकाची बाजूही ऐकायला हवी. वाडा पणजोबांचा, खाली सहा गाळे, सहांचं मिळून भाडं तीन हजार, आणि घरफाळा त्याहून जास्त. छप्पर गळतं. दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे? आणि का आणायचे? मग वाडा तसाच पडत जातो. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका तिच्या कायद्याच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस लावते. ही नोटीस लागली की बाहेरच्यांना वाटतं, आता पाडतील आणि नवं बांधतील. आतल्यांना ठाऊक असतं की खरं भांडण इथून सुरू होतं. मालकाला वाटतं इमारत गेली की भाडेकरू गेला, आणि भाडेकरूलाही तीच भीती असते. म्हणून तो पडक्या भिंतीला लोखंडी टेकू देतो, पण बाहेर पडत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं की इमारत पडली म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही, खालच्या जमिनीवरही भाडेकरूचा हक्क असतो. पण न्यायालयाचं वाक्य आणि प्रत्यक्ष नव्या इमारतीत मिळणारा गाळा यांच्या मधे दहा-पंधरा वर्षं सहज जातात.

पुनर्विकासाचं गणित मुळात सरळ आहे. बिल्डर जुनी इमारत पाडणार, जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत तेवढीच जागा फुकट देणार, आणि वर जे जास्तीचं बांधकाम होईल ते विकून खर्च आणि नफा काढणार. म्हणजे सगळं त्या 'जास्तीच्या' बांधकामावर अवलंबून. ते किती करता येईल हे एफएसआय ठरवतो, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम चालेल ते प्रमाण. राज्यभरात, मुंबई आणि काही मोजके भाग वगळून, डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्यात वाढीव एफएसआय समोरच्या रस्त्याच्या रुंदीला जोडलेला आहे. रुंद रस्ता असेल तर वर चढता येतं. जुन्या पेठेत रस्ता कसला, दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीनं मागं जायचं. तिथं नियमाप्रमाणं पार्किंग ठेवलं, रस्ता रुंदीकरणाची रेषा सोडली, जुन्या सहा गाळेधारकांना तळमजल्यावर दर्शनी जागा दिली, की बिल्डरच्या हातात मागचा अंधारा कोपरा आणि वरचे दोन मजले उरतात. तळमजल्याचा दर्शनी गाळा हेच खरं सोनं, आणि तेच आधी वाटून झालेलं. मग काम होत नाही, किंवा सगळे भाडेकरू थोडी थोडी जागा सोडायला तयार झाले तर होतं. ती सहा माणसं एका टेबलावर बसवणं हे सिव्हिल इंजिनियरचं काम नाही. एखादी जुनी जाणती व्यक्ती लागते, शक्यतो दोन्ही बाजूंच्या लग्नाला जेवलेली.

यात पागडी कुठं बसते? भाडेकरू जागा सोडताना किंवा दुसऱ्याच्या नावे करताना जो मोबदला घेतो, त्यातला वाटा मालकाला जातो. मुंबईत एक तृतीयांशाचा रिवाज सांगतात, आपल्याकडे ते तोंडी आणि माणूस बघून ठरतं. जागेची किंमत शंभर धरली तर कागदावर मालक शंभराचा मालक असतो, व्यवहारात मात्र त्यातले साठ-सत्तर भाडेकरूचे असतात. बाजाराला हे माहीत असतं, प्रॉपर्टी कार्डाला, म्हणजे मालकीच्या सरकारी उताऱ्याला, नसतं. हे लक्षात ठेवा, पुढं अंबाबाईच्या देवळापाशी ते पुन्हा येणार आहे.

महापालिकेचे गाळे हा वेगळाच अध्याय. तिथं मालक म्हणजे महापालिका, आणि भाडं ठरवते शासनाची नियमावली. जुने भाडेपट्टे संपले तेव्हा राज्यात ठिकठिकाणी, जळगावपासून कोल्हापूरपर्यंत, गाळेधारक आणि पालिका यांच्यात जुंपली. २०१९ च्या नियमांनी नूतनीकरणाचं भाडं बाजारमूल्याच्या किमान ८ टक्के ठेवलं. बाजारमूल्य म्हणजे रेडी रेकनरचा दर, सरकारनं मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला जागेचा भाव, जो सहसा १ एप्रिलला जाहीर होतो. तीस लाखांचा गाळा धरा. आठ टक्के म्हणजे वर्षाला दोन लाख चाळीस हजार, महिना वीस हजार. काल दीड-दोन हजार भरणाऱ्या माणसाला हे सांगितल्यावर काय होणार? मोर्चे, कोर्ट, सील. शेवटी २०२३ मध्ये व्यापारी वापरासाठीचा किमान दर ०.७ टक्क्यावर आणला. त्याच गाळ्याचं भाडं महिना साडेसतराशेवर आलं. गाळा तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त नियमातला आकडा बदलला. वीस हजारात मरणारं दुकान साडेसतराशेत दोन पिढ्या चालतं. 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' छापाची भाषणं ऐकताना मला हा आकडा आठवतो.

आता नव्या दुकानांकडे वळू. मोठ्या साखळीच्या दुकानांचं उघडणं-मिटणंही जागेच्याच कागदावर चालतं, हे ज्यांना पटत नाही त्यांनी बिग बझारची गोष्ट आठवावी. २००१ मध्ये सुरू झालेली ही साखळी देशभर पसरली, मध्यम शहरांनाही तिनंच 'मोठ्या दुकाना'ची सवय लावली. सगळं भाड्याच्या जागेत आणि कर्जावर. २०२० च्या टाळेबंदीत विक्री थांबली, भाडं थांबलं नाही. त्या ऑगस्टमध्ये रिलायन्सनं बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर समूहाचा किरकोळ व्यापार २४,७१३ कोटींना घ्यायचं जाहीर केलं. ॲमेझॉननं आधीच्या कराराचा आधार घेऊन त्याला आडवं लावलं. वाद लवादात आणि न्यायालयांत फिरत राहिला. दरम्यान अनेक दुकानांचं भाडं थकलं. तेव्हा रिलायन्सनं जागामालकांशी बोलून ते भाडेकरार स्वतःच्या नावे केले आणि त्याच जागा फ्युचरला पोटभाड्यानं दिल्या. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तेही भाडं मिळेना, म्हणून करार रद्द करून शेकडो दुकानांचा ताबा घेतला. एप्रिलमध्ये बँकांनी सौदा फेटाळला, जुलैमध्ये फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी विकत न घेताही तिची दुकानं हातात आली, कारण भाडेकरार हातात होता. दोन बलाढ्य कंपन्यांची झुंज, आणि निकाल लागला तो आपल्या पेठेत लागतो तसाच. ज्याच्या नावे जागा, त्याचं दुकान.

याच्या उलट डी-मार्ट. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान, मार्च २०२५ अखेर ४१५. ही मंडळी बहुतेक जागा विकत घेतात. शंभर रुपयांच्या विक्रीत निव्वळ नफा चार-पाच रुपयांचा. एवढ्याशा फटीत भाड्याला जागाच नाही, म्हणून भाडं भरायचंच नाही असा त्यांचा हिशोब. पण विकत घ्यायची तर जागा स्वस्त हवी, मोठी हवी, गाड्या लावायला हवी. म्हणून ते गावाच्या कडेला जातात. आणि स्वतःच्या मालकीचं दुकान मंदीतही लगेच मिटत नाही, कारण महिन्याच्या एक तारखेला दार वाजवणारा कोणी नसतो. विचार केला तर डी-मार्ट आणि आमचे उदबत्तीवाले काका यांच्या ताकदीचं मूळ एकच आहे.

स्वस्त कपड्यांच्या झुडिओसारख्या साखळ्या भाड्यानं जागा घेतात. मार्च २०२५ अखेर झुडिओची ७६५ दुकानं होती, आणि त्यातली अनेक मध्यम व लहान शहरांत. त्यांना एका मजल्यावर किंवा दोन सलग मजल्यांवर सात-आठ हजार चौरस फूट आणि समोर भरपूर काच लागते. तीनशे फुटांच्या गाळ्यांनी भरलेल्या पेठेत एवढी सलग जागा कुठून येणार? ती येते बंद पडलेल्या थिएटरातून, मंगल कार्यालयातून, रस्त्याकडेच्या मोठ्या बंगल्यातून, म्हणजे जिथं मालक एकच आहे आणि जुना भाडेकरू नाही अशा ठिकाणाहून. 'थिएटर पाडलं, कपड्याचं दुकान आलं' यावर हळहळणारे लेख मी वाचतो. मलाही वाईट वाटतं. पण ते थिएटर एकमालकी होतं म्हणूनच बदलू शकलं. शेजारचा चौदा भाडेकरूंचा वाडा अजून तसाच उभा आहे.

ब्रँडच्या फ्रँचायझी दुकानांबद्दल एवढंच सांगतो की ती तिसऱ्या वर्षी बंद का होतात याचं कारण बहुधा करारातच असतं. साधारण तीन वर्षांचा 'लॉक-इन' असतो, तोवर सोडून जाता येत नाही, आणि तीन वर्षांनी भाडं पंधरा टक्क्यांनी चढतं. विक्री तेवढी चढली नसेल तर त्या महिन्यात बोर्ड उतरतो. त्यावर व्यापारी भाड्याला १८ टक्के जीएसटी. ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू असेल, तर हा कर भाडेकरूनंच थेट भरायचा. कंपोझिशनवाल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरणाऱ्या, छोट्या दुकानदारांना त्याची वजावट मिळत नाही, त्यांच्या तर पोटावरच पाय आला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना त्यातून वगळलं. मधल्या तीन महिन्यांत माझा फोन दिवसभर वाजत होता.

मध्यम शहरांतले मॉल आणि व्यापारी संकुलं निम्मी रिकामी का दिसतात, तेही इथंच सांगून टाकतो. दोन प्रकारची संकुलं असतात. एकात मालक एकच, तो गाळे भाड्यानं देतो. कोणाला कुठं बसवायचं हे तो ठरवतो. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानाला किंवा चित्रपटगृहाला स्वस्तात वरच्या मजल्यावर नेतो, म्हणजे लोक बाकीच्या दुकानांसमोरून जातात. दुसऱ्या प्रकारात बिल्डर बांधता बांधताच एकेक गाळा विकून मोकळा होतो. घेणारे कोण? डॉक्टर, शिक्षक, ऊस चांगला झालेले शेतकरी, परदेशातल्या मुलाचे पैसे गुंतवणारे आईवडील. त्यांना दुकान चालवायचं नसतं, भाडं हवं असतं. शंभर गाळे, शंभर मालक, शंभर अपेक्षा. तळमजल्याला भाडेकरू मिळतात, पहिल्या मजल्याला कोचिंग क्लास, दुसरा रिकामा. देखभालीचे पैसे कोणी भरत नाही, मग सरकता जिना बंद, मग संडासाला कुलूप, मग गिऱ्हाईक बंद. अशा संकुलात नंतर सुधारणाही करता येत नाही, कारण एवढ्या मालकांच्या सह्या गोळा करणार कोण. आपण नवीन बांधकाम म्हणून जे उद्घाटन करतो, ती पुष्कळदा उद्याची चौदा भाडेकरूंचीच इमारत असते, फक्त या वेळी भाडेकरूंऐवजी मालक.

कोल्हापुराची स्वतःची एक गाठ आहे, ती म्हणजे हद्द. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्दवाढ काही झाली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटरांत २०११ च्या जनगणनेनुसार साडेपाच लाख माणसं. आत जागा महाग आणि गुंतलेली, म्हणून व्यापार हद्दीच्या बाहेर उड्या मारतो. हे काही आजचं नाही. मुळात इथला बाजार नेहमीच जिथं मोकळी जागा आणि नवा रस्ता तिथं गेला. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनजवळ गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. त्या काळचं ते 'हायवे-टच' संकुलच म्हणा ना.

त्याहून विलक्षण गोष्ट गांधीनगरची. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून शहराबाहेर वळिवडे इथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. युद्ध संपल्यावर ती गेली. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधहून आलेली कुटुंबं आली. त्यांनी बराकीच्या दारात कापड मांडलं. आज दक्षिण महाराष्ट्र आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातले दुकानदार घाऊक कापड घ्यायला तिथं येतात. माझ्या लहानपणी लग्नाचा बस्ता म्हणजे गांधीनगर. ज्यांच्याकडं पेठेतली पागडी भरायला पैसे नव्हते आणि मालकाशी ओळख नव्हती, त्यांनी पेठेच्या बाहेर पेठ उभी केली. आज तिथंही जागा महाग आहे, रस्त्याकडेच्या बांधकामांच्या परवानगीचे वाद आहेत, आणि नवी पिढी आणखी पुढं हायवेकडे बघते आहे.

पुराचं एक वाक्य घालायलाच हवं. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या काही भागांत दुकानांत शिरलं. तेव्हापासून तिथला व्यापारी गाळा बघायला गेला की आधी भिंतीवरची पाण्याची खूण विचारतो, भाडं नंतर.

आणि आता देऊळ. मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली, १,४४५ कोटी ९७ लाखांची. भाविकांसाठी मोकळी जागा, दर्शनरांग, वाहनतळ, हे सगळं हवंच आहे. नवरात्रात त्या गर्दीत लेकरू घेऊन उभं राहिलेल्या कोणालाही विचारा. पण मोकळी जागा करायची म्हणजे आसपासच्या मिळकती घ्याव्या लागणार. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरात बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जवळपास दुप्पट मोबदला बसतो. ऐकायला उत्तम. पण कोणाला? आधी प्रॉपर्टी कार्डावर ज्याचं नाव आहे त्याला. भाडेकरूला कायदा हितसंबंधी धरतो, म्हणून मोबदल्यात वाटा मागता येतो, आणि पुनर्वसनासाठी बाधित कुटुंब म्हणूनही त्याचा उल्लेख आहे. आजोबांनी सोनं गहाण ठेवून भरलेल्या पागडीसाठी मात्र त्यात रकाना नाही. तीन पिढ्या बांगड्या, हळदकुंकू, ओटीचं सामान विकणारा माणूस तुमच्या-माझ्यासाठी 'महाद्वारातलं दुकान' असतो. कागदासाठी तो पाचशे रुपये भाड्याचा भाडेकरू. आणि त्याचा धंदा मालात नसून त्या ओट्यात आहे. देवळापासून पाचशे पावलं लांब हलवलं, तर त्याच बांगड्या कोण घेणार? म्हणून 'पर्यायी गाळा देऊ' या आश्वासनावर तिथले व्यापारी खूश होत नाहीत, आणि विकासाला विरोध म्हणून त्यांच्यावर शिक्का बसतो. माझ्या मते आधी प्रत्येक गाळ्याची यादी व्हावी: मालक कोण, बसणारा कोण, किती वर्षं, कोणत्या कागदावर. ती यादी बाहेर लावावी, हरकती घ्याव्यात, आणि मगच नकाशा रंगवावा.

उदबत्तीवाल्या काकांना दोन मुलगे. थोरला पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, धाकटा इथंच पतसंस्थेत. मध्यंतरी थोरल्याचा फोन आला, "साहेब, बाबांच्या नंतर दुकानाचं काय?" मी सांगितलं, कायद्यात दुकानाच्या भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर तिथं धंदा करणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला आधी मान आहे. तसं कोणी नसेल तर मग इतर वारस, आणि वारसांत एकमत नसेल तर ठरवणार कोर्ट. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "शनिवार-रविवार चालेल का?"

परवा रविवारी त्या बोळातून येताना शटर अर्धं उघडं दिसलं. काका खुर्चीत पेपर वाचत होते. काउंटरवर लॅपटॉप होता, आणि शेजारी धाकटाही येऊन बसला होता.